भिंतीची बाहेरची बाजू

घराची भिंत ज्याची तो बांधतो, परंतु तिची बाहेरची बाजू जन्मभर दुसऱ्यांसच पाहावी लागते. या साध्या गोष्टींतून एक नैतिक प्रश्न निघतो, व त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. हल्लीं शहरोशहरीं भिंती चितारून आणि मोकळ्या जागीं झाडें-वेली लावून वस्त्या सुशोभित करण्याची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. पण हें सौंदर्य कोणासाठीं आणि कोणाच्या हातचें, एवढें विचारल्यावांचून आम्हांस तिचें निर्भेळ कौतुक करवत नाहीं.

२०१७ च्या अखेरीस मुंबईंत घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील झोपडवस्तीच्या भिंती स्वयंसेवकांनीं नाना रंगांनीं रंगविल्या. जवळून जाणाऱ्या मेट्रोंतून ती टेकडी दिसते. प्रवाशांनीं मान वळवून पाहावें असें तें दृश्य झालें. अशा उपक्रमांवर एक आक्षेप ठरलेला असतो : आधीं पाणी, संडास, गटार, रंग मागाहून. हा आक्षेप दिसतो तितका सबळ नाहीं. पोट भरल्यावरच सौंदर्याची भूक लागते, ही समजूत भरल्या पोटाच्या माणसांची आहे. पत्र्याच्या डब्यांत तुळस लावणारी, वीतभर अंगणांत रांगोळी घालणारी बाई दारांत नळ येईपर्यंत थांबलेली नाहीं. डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात. त्या घरांत धान्याच्या कणगी भरलेल्या असत, म्हणून तो लिहिला जात नव्हता.

परंतु यावरून कोणींही उठून दुसऱ्याची भिंत रंगवावी, असें सिद्ध होत नाहीं. चौक लिहिणारी सवाशीण त्याच समाजांतली असते. स्वयंसेवक संध्याकाळीं आपल्या घरीं जातो, आणि त्यानें काढलेलें चित्र मात्र ज्याला विचारलें नाहीं त्याच्या दारावर राहतें.

येथें पॅट्रिक गेडिस यांचें स्मरण होतें. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें अध्यापन सुरू झालें तें या स्कॉटिश विद्वानाच्या हातून. त्यापूर्वीं, १९१७-१८ च्या सुमारास, होळकर दरबारानें त्यांना इंदूरच्या नगररचनेसाठीं बोलाविलें, तेव्हां शहर प्लेगनें गांजलें होतें. गेडिस यांनीं कोणाच्याही घराला स्वतः कुंचला लाविला नाहीं. दिवाळीची मोठी मिरवणूक काढावयाचें ठरलें, आणि ज्या भागांत अधिकांत अधिक घरें झाडून, डागडुजी करून ठेवलीं असतील त्या भागांतूनच ती जाईल, असें त्यांनीं जाहीर करविलें. मग काय विचारतां! गल्लोगल्लीं झाडलोट व रंगसफेती सुरू झाली. मिरवणुकींत प्लेगचा प्रचंड उंदीर होता. नवे कपडे ल्यालेले, फुलें मिरविणारे झाडूवाले सन्मानानें चालत होते. आणि शेवटीं लोकांना तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. ईर्षेला चाळवून काम करवून घेतलें, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा. प्रत्येक भिंतीला हात लागला तो आंत राहणाऱ्याचा, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तुळशीची योजना तर फारच मार्मिक होती, कारण रंगाचें काम एका दिवसांत उरकतें, पण रोपाला दुसऱ्या दिवशींही पाणी घालावें लागतें व तें घालणारा त्याच घरांत असावा लागतो.

आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांची तऱ्हा याहून निराळी. आपण कुंपणाच्या भिंतींत देवादिकांच्या फरश्या बसवितों. भक्तीनें नव्हे, कोणी थुंकूं नये म्हणून! आंत बगीचा असतो आणि त्यांत ‘फुलें तोडूं नयेत’ अशी पाटी. रस्त्यावरच्या माणसाशीं आपल्या भिंतीचें बोलणें बहुधा एवढेंच.

असेच लोक उद्यां शेजारच्या वस्तीच्या भिंती रंगवावयास निघाले, तर त्यांनीं डबे-कुंचले घेण्यापूर्वीं दारोदार जाऊन विचारावें. मुंबईचा पावसाळा बाहेरच्या रंगाला फार वर्षें टिकूं देत नाहीं. तेव्हां दुसऱ्यांदा रंग कोण देणार, तेंही त्याच वेळीं ठरवावें. एखाद्या घरधनिणीस भिंतीवर पोपट नको असेल, साधा चुनाच हवा असेल, तर चुनाच लावावा. मेट्रोंतून पाहणाऱ्यास चित्रांत तेवढाच एक चौकोन पांढरा दिसेल.