वळणे आणि मोजणे : गुराख्याच्या अधिकाराचा नैतिक प्रश्न

१

मराठीत गुरे हाकली जातात, चारली जातात, राखली जातात आणि वळली जातात. ही चार क्रियापदे व्यवहारात एकमेकांच्या जागी येत असली तरी त्यांचा आशय एक नाही. हाकणाऱ्याला पोहोचण्याचे ठिकाण ठाऊक असते. चारणाऱ्याचे लक्ष जनावराच्या पोटाकडे असते, राखणाऱ्याचे मालमत्तेकडे. वळणाऱ्याची क्रिया मात्र जनावराने स्वतःहून धरलेल्या दिशेवर अवलंबून असते. जे चालतच नाही त्याला वळविता येत नाही. वळण्यापूर्वी दुसऱ्याची गती, आणि म्हणून दुसऱ्याची इच्छा, गृहीत धरावी लागते.

या क्रियापदाचे व्याकरणही लक्षणीय आहे. ते सकर्मक आहे आणि अकर्मकही आहे. 'गाय वळली' एवढेच वाक्य समोर असेल, तर गाय आपण होऊन वळली की कोणी तिला वळले, याचा निर्णय त्या वाक्यावरून करता येत नाही. कर्त्याचा निर्देश झाला की संदिग्धता मिटते. परंतु निर्देश होण्यापूर्वीच्या त्या रूपात दोन्ही शक्यता एकत्र नांदतात. याच धातूपासून सिद्ध झालेले 'वळण' हे नाम रस्त्याला, अक्षराला, घराण्याला आणि मुलाच्या वर्तनाला सारखेच लागू पडते. मुलाला वळण लावणे हा मराठी कुटुंबव्यवस्थेतील संस्काराचा सर्वांत रूढ वाक्प्रचार आहे. गुराख्याची कृती आणि नैतिक शिक्षण यांना भाषेने असे एका शब्दात आणून ठेवले आहे. त्यातून जो प्रश्न निर्माण होतो तो केवळ गुराख्यापुरता राहत नाही : दुसऱ्या जीवाची दिशा बदलण्याचा अधिकार कशातून येतो? मालकीतून, ज्ञानातून, की सांभाळातून?

२

नाशिक जिल्ह्यातील देवळा परिसर हा या प्रश्नाच्या विचारासाठी उपयुक्त ठरावा असा प्रदेश आहे. उत्तरेस गिरणेचे पात्र आणि दक्षिणेस सातमाळा-चांदवडची डोंगररांग यांच्यामध्ये पसरलेला हा अवर्षणप्रवण टापू. नदीकाठी बागायत, तर डोंगरपायथ्याशी मुरमाड माळ, काटेरी झुडपे आणि पावसाळ्यानंतर लवकरच वाळून जाणारे गवत. कांद्याचे हिरवे वाफे आणि भुकेली गुरे यांच्यात पुष्कळदा एका बांधाचेच अंतर असते. रूढ अर्थाने हे वाळवंट नव्हे. पण चाऱ्याची दुर्मिळता आणि पिकाचे मोल यांच्या कात्रीत सापडलेल्या गुराख्याला येथे जो पेच पडतो, तो वाळवंटी प्रदेशांतील गुराख्याच्या पेचाहून जातीने वेगळा नाही.

असा गुराखी कळपाच्या मागे क्वचितच चालतो. तो पिकाच्या बाजूला उभा राहतो. ओढाळ जनावर बांधाकडे सरकू लागले की तो हाळी देतो. तेवढ्याने भागले नाही तर खडा भिरकावतो, परंतु तो जनावराच्या अंगावर नव्हे, त्याच्या तोंडापुढे पडेल अशा बेताने. पशुवर्तनाच्या आधुनिक अभ्यासाने या कौशल्याची उपपत्ती सांगितली आहे. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ विदुषीच्या लेखनात तिचे विवेचन आढळते. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. माणूस त्या वर्तुळात शिरला की जनावर दूर सरते, बाहेर पडला की थांबते. खांद्याच्या मागून जवळ गेल्यास ते पुढे जाते, खांद्याच्या पुढून आल्यास मागे फिरते. वळणे ही अशा रीतीने अंतराची कला आहे. फार जवळ गेले तर जनावर उधळते, फार दूर राहिले तर पिकात शिरते. शक्तीपेक्षा येथे स्थानाला महत्त्व आहे. आणि स्थान कळण्यासाठी जनावर कोठे पाहत आहे हे आधी पाहावे लागते.

ही कला जेथे अपुरी पडते, तेथे गळ्यात लोढणे येते आणि त्याही पलीकडे कोंडवाडा. गुरांच्या शिरकावासंबंधीच्या १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने कोंडवाड्याला विधिवत रूप दिले. पिकाचे नुकसान करणारे जनावर धरून तेथे पोहोचवावे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे, न सोडविल्यास त्याचा लिलाव व्हावा, अशी ही योजना. या कायद्याला जनावराचे दोन संबंध ठाऊक आहेत : नुकसान आणि मालकी. ज्याच्या हाकेला ते जनावर वळते, तो या योजनेच्या केंद्रस्थानी नाही.

३

भारतीय साहित्यपरंपरेत कळप गोळा करण्याची दोन दृश्ये आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली असता प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

पहिले दृश्य महाभारताच्या वनपर्वातील घोषयात्रेचे. द्वैतवनात कौरवांचे गोधन आहे आणि त्याच वनात पांडव विपन्नावस्थेत राहत आहेत. त्यांच्यासमोर आपल्या वैभवाचे प्रदर्शन करावे ही दुर्योधनाची खरी इच्छा; गुरांची पाहणी हे निमित्त. लवाजम्यासह तो तेथे जातो. गाई मोजल्या जातात, वासरांवर खुणा केल्या जातात, लहान वासरे असलेल्या गाईंची वेगळी नोंद होते. कामात कोठेही उणीव नाही. प्राचीन वाङ्मयातील पशुगणनेचे इतके व्यवस्थित चित्र विरळाच. परंतु या मोजणीत जनावर हे पाहण्याचा विषय नसून दाखविण्याचे साधन आहे. म्हणूनच पुढे घडते ते उपरोधपूर्ण आहे. मोजायला आलेला हा राजा गंधर्वांच्या हाती सापडतो, आपल्या परिवारासह बांधला जातो, आणि ज्यांना हिणवायचे होते त्यांनाच त्याला सोडवावे लागते. कळपावर खूण करणारा स्वतःच कळपासारखा कोंडला जातो.

दुसरे दृश्य भागवताच्या दशम स्कंधातील, तेराव्या अध्यायातील वत्सहरणाचे. गोपाल जेवायला बसले आहेत आणि वासरे गवताच्या लोभाने दूर निघून गेली आहेत. मुले अस्वस्थ होतात, तेव्हा कृष्ण त्यांना जेवण न थांबविण्यास सांगतो आणि हातातला घास तसाच घेऊन वासरांच्या शोधात जातो. ब्रह्मदेव वासरे आणि मुले दोन्ही हरण करतो. त्यांना शोधून परत आणण्याऐवजी कृष्ण स्वतःच तितकी वासरे आणि तितके गोपाल होतो आणि वर्षभर तसा राहतो. या काळात गाईंचे वासरांवरील आणि मातांचे मुलांवरील प्रेम वाढते, असे कथा सांगते.

दोन्ही प्रसंगी संख्या जुळते, हे महत्त्वाचे आहे. दुर्योधनाची गणना बिनचूक आहे, आणि कृष्ण झालेल्या वासरांतही एक कमी नाही. भेद संख्येत नसून संबंधात आहे. एका ठिकाणी कळप गोळा करणारा कळपाच्या बाहेर, उंचावर उभा आहे. दुसऱ्या ठिकाणी गोळा करणारा आणि गोळा होणारा यांतले अंतरच नाहीसे झाले आहे. तथापि दुसरे दृश्य आदर्श मानून विचार तेथेच थांबविता येणार नाही. वासरू होणे ईश्वराला शक्य आहे, गुराख्याला नाही. मानवी गुराख्याला अंतर नष्ट करता येत नाही. ते सांभाळावे लागते. वारकऱ्यांच्या काल्याने या प्रसंगाचे जे सामूहिक रूप जपले, त्यात एकत्र खाण्याला प्राधान्य आहे. पण काला होत असताना गाईंमागे कोणीतरी जावेच लागते, आणि त्या जाणाऱ्याच्या वाट्याला पंगत उशिरा येते, ही जाणीवही त्या कथेच्या मुळाशी आहे.

४

पाश्चात्य विचारात हा प्रश्न मेंढपाळाच्या रूपकातून आला. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस सॉक्रेटिसाला टोमणा मारतो, की मेंढपाळ मेंढरांच्या हितासाठी झटतो असे मानणे हा भोळेपणा आहे. तो त्यांना पुष्ट करतो ते धन्याच्या आणि स्वतःच्या लाभासाठी. सॉक्रेटिस त्यावर दोन विद्या वेगळ्या काढतो. मेंढपाळाची विद्या, ती विद्या म्हणून, मेंढरांचेच हित पाहते. मजुरी मिळविणे ही निराळी विद्या आहे आणि ती तिला बाहेरून जोडली जाते. मिशेल फूको याने १९७८ च्या व्याख्यानांत या रूपकाचा राजकीय इतिहास मांडला. भूमीवर नव्हे तर चालत्या कळपावर चालणारी, हितैषी म्हणविणारी, प्रत्येकाला आणि सर्वांना एकाच वेळी लक्षात ठेवणारी अशी ही सत्ता. आणि आधुनिक शासनाचे एक मूळ तिच्यात आहे, असे त्याचे प्रतिपादन. सांभाळ हे सत्तेचे सर्वांत सौम्य, म्हणूनच ओळखण्यास सर्वांत कठीण रूप आहे, हा इशारा त्यातून मिळतो.

मात्र या दोन्ही मांडण्यांत मेंढपाळ हा सत्ताधाऱ्याचे रूपक आहे. मराठी ग्रामव्यवस्थेतला गुराखी सत्ताधारी नाही. गुरे अनेक घरांची, गायरान गावाचे, पीक तिसऱ्याचे. गुराख्याच्या हाती फक्त काठी. फूकोचा इशारा त्याला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे चाकराला धनी समजणे होय. येथे दोन नसून तीन बाजू आहेत : मालक, गुराखी आणि जनावर. सॉक्रेटिसाने तर्काने वेगळ्या केलेल्या दोन विद्या या त्रिकोणात प्रत्यक्ष माणसांत वाटल्या गेल्या आहेत. लाभ एकाकडे, सांभाळ दुसऱ्याकडे.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीने हा त्रिकोण मराठीत सर्वांत तीव्रपणे उभा केला. नारबा हा शेतावरचा गडी. त्याचे म्हणावे असे घर नाही, आणि धन्याच्या मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरे हळूहळू नाहीशी होऊ लागतात. मालकाच्या दृष्टीने यात अन्याय नाही, कारण वस्तू त्याची होती. नारबाकडे कायद्याचा, रिवाजाचा किंवा नात्याचा कोणताही हक्क नाही. निवेदन त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत होत असल्याने वाचकाला सर्व ज्ञान मिळते ते हक्क नसलेल्याकडून. ज्याला जनावर कळते त्याला ते विकण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला विकण्याचा अधिकार आहे त्याला ते कळण्याची गरज नाही. थ्रॅसिमॅकसचे म्हणणे अर्थव्यवस्थेविषयी खरे ठरते; नारबाविषयी ते खोटे ठरते. यंत्रविरोधी हळवेपणा म्हणून या कादंबरीकडे पाहणे त्यामुळे अपुरे आहे. सांभाळातून हक्क निर्माण होतो काय, हा तिचा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर न देता तो ती वाचकाच्या स्वाधीन करते.

५

घोड्यावर बसून कळप गोळा करण्याचे दृश्य जगभर परिचित झाले ते अमेरिकेच्या पश्चिमेकडील रुक्ष कुरणांमुळे आणि त्यांवरील चित्रपटांमुळे. तेथे मैलोगणती मोकळ्या माळावर पांगलेली गुरे वर्षातून ठरावीक वेळी एकत्र करीत, आणि वासरांना डागणी देऊन मालकी निश्चित करीत. डाग नसलेल्या वासराला टेक्सासच्या सॅम्युअल मॅव्हरिक याच्या आडनावावरून 'मॅव्हरिक' म्हणू लागले, आणि पुढे तोच शब्द कोणत्याही गटात न बसणाऱ्या स्वतंत्र वृत्तीच्या माणसाला लावला गेला. मराठीत 'मोकाट' या शब्दाला हे भाग्य लाभले नाही. बेवारस जनावर तेथे स्वातंत्र्याचे प्रतीक बनले, येथे उपद्रवाचे. खानदेशच्याच मातीतल्या बहिणाबाई चौधरी यांनीही आवरत नसलेल्या मनासाठी उपमा घेतली ती पिकात पुन्हा पुन्हा तोंड घालणाऱ्या जनावराची. अमाप कुरण असलेल्या देशात भटकणे हा गुण ठरू शकतो. जेथे बांधापलीकडे शेजाऱ्याचे वर्षाचे अन्न उभे आहे, तेथे तो ठरू शकत नाही. शब्दांच्या नीतीमागे असा भूगोल उभा असतो.

उत्तर महाराष्ट्रातील ठेलारी धनगरांच्या वाड्याबरोबर घोडी असते, पण ती ओझे वाहण्यासाठी. त्या घोडीच्या शेजारून माणूस पायी चालतो. घोड्यावर बसलेला आहे तो देव, खंडोबा. आणि त्याच्या लोककथेतही निर्णायक क्षण खाली उतरण्याचाच आहे. बाणाईसाठी तो धनगराच्या घरी चाकर होतो, मेंढरे राखतो. स्वारी करणारा देव प्रिय होतो तो पायउतार झाल्यावर.

उमेश कुलकर्णी यांच्या 'वळू' (२००८) या चित्रपटात याच दृश्याचे आधुनिक, विनोदी रूप दिसते. देवाला सोडलेला, म्हणून कोणाचाच नसलेला बैल. गावातल्या प्रत्येक नुकसानीचा दोष त्याच्या माथी. त्याला पकडण्यासाठी आलेला वनाधिकारी, आणि त्या मोहिमेचे चित्रण करणारा कॅमेरा. पकडणे आणि चित्रित करणे या दोन क्रिया एकत्र आणून हा चित्रपट समीक्षेला एक प्रश्न विचारतो.

६

तो प्रश्न असा, की साहित्यकृती आपल्या विषयाला वळते की मोजते? गेल्या काही दशकांत ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी अशा नावांनी मराठी साहित्याची जी विभागणी झाली, तिने दुर्लक्षित अनुभव दृष्टीस आणले यात शंका नाही. परंतु प्रत्येक वासरावर खूण करून नोंदवही पूर्ण केली म्हणजे कळप समजला, असा जो समज समीक्षेत रुजतो, तो घोषयात्रेतल्या राजाचा समज आहे. याच्या उलट टोकाला, लेखकाने विषयाशी पूर्ण एकरूप व्हावे ही अपेक्षा भागवतातल्या कृष्णाकडून करण्याजोगी आहे. माणसाकडून केल्यास तिचे पर्यवसान दंभात होते. मधली वाट गुराख्याची आहे. पीक कोठे आहे हे ओळखून योग्य बाजूला उभे राहावे, आणि खडा अंगावर पडू देऊ नये.

अधिकाराच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने संभवते. मालकीतून विकण्याचा अधिकार येतो, वळण्याचा नाही. ज्ञानाने वळण्याचे सामर्थ्य येते, परंतु सामर्थ्य म्हणजे अधिकार नव्हे. वळण्याचा अधिकार, असलाच तर, दोन अटींनी बांधलेला आहे : वळणाऱ्याने त्याच उन्हात उभे राहावे, आणि वळवलेल्याची चाल शाबूत राहावी. लोढणे आणि कोंडवाडा यांत दुसरी अट मोडते, नोंदवहीत पहिली. मुलाला वळण लावणारा पालक, विद्यार्थ्याला शिकविणारा अध्यापक आणि लोकांना सुधारू पाहणारे शासन, यांनाही याच अटींवर तपासता येईल.

सायंकाळी कळप गावाच्या शिवेत शिरतो तेव्हा जनावरे आपापल्या दावणीची वाट स्वतःच धरतात. त्या क्षणी गुराख्याला काही करावे लागत नाही. गाय वळली एवढेच म्हणता येते. कोणी वळली, हे विचारण्याची गरज उरत नाही.