सातवे प्रकरण

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी समाजकार्याच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी इंदापूर तालुक्यातील शेतमजुरांच्या कर्जबाजारीपणावर प्रबंध लिहीत आहे. सहा प्रकरणे पुरी झाली. ‘उपाययोजना’ या सातव्याचा मसुदा तिने भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आणला. त्यात १४ शिफारशी होत्या. जनजागृती करावी, शासनाने लक्ष पुरवावे, मजुरांना बचतीची सवय लावावी, इत्यादी. मी विचारले, “अगं, ही बचतीची शिफारस तू ज्यांच्या घरी गेलीस त्यांना वाचून दाखवलीस का?” ती म्हणाली, “काका, प्रश्नावलीत तसा रकानाच नव्हता.”

उत्तर प्रामाणिक होते. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर उपाय लिहिण्याचा अधिकार आपल्याला कशाने प्राप्त होतो? अभ्यासाने, असे आपण चटकन म्हणतो. आणि तिने निवडलेल्या तालुक्याचाच इतिहास या उत्तराला आडवा येतो.

पेशवाई बुडाल्यानंतर पुणे जिल्ह्याची नवी जमाबंदी करण्याचे काम प्रिंगल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याकडे आले. ज्या हेलीबरी कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवीत, तेथलाच हा हुशार विद्यार्थी. लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावेत, हा त्याचा सिद्धांत. कागदावर तो निर्दोष होता. जुन्या मनमानी वसुलीपेक्षा न्याय्यही वाटत होता. पण मोजणी हाताखालच्या कारकुनांनी केली, तीत चुका झाल्या, लाचलुचपत झाली, वर धान्याचे भाव घसरले. १८३० नंतरच्या काही वर्षांत बाकी तुंबली, शेते पड राहिली आणि कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. प्रिंगलच्या हेतूत खोट होती असे मला वाटत नाही. मात्र चुकीची किंमत त्याने दिली नाही, इंदापूरच्या रयतेने दिली. सद्हेतूने लिहिलेल्या उपायाची ही बाजू आपल्या नजरेतून नेहमी निसटते.

पुढे १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. जमिनीचा कस पाहिला, पूर्वी रयतेला काय झेपले होते ते पाहिले, धारा उतरवला आणि ३० वर्षांसाठी कायम केला. शेतकऱ्याने विहीर पाडली तरी त्या मुदतीत धारा वाढावयाचा नाही. पडीक जमीन हळूहळू लागवडीस आली. हे दोघे अधिक विद्वान होते असे नव्हे. आपल्याला सगळे मोजता येत नाही, एवढे त्यांनी मान्य केले.

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! मुदत सरली तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. त्या तेजीच्या भरात इंदापूर, मागोमाग भीमथडी, म्हणजे आजचा बारामती आणि आसपासचा मुलूख, येथे धारा वाढला. भाव कोसळले, रयत सावकाराकडे गेली, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला. लोकांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या चोपड्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ज्या कागदांवर आपले भवितव्य इतरांनी लिहून ठेवले होते, तेच कागद त्यांनी जाळले. चौकशी आयोग बसला, त्याचा जाडजूड अहवाल झाला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. न्यायाधीशाला रोख्यामागील खरा व्यवहार तपासता येऊ लागला. मग पुष्कळ सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले!

म्हणून लिहूच नये काय? तसे मला म्हणावयाचे नाही. अहवाल नसता तर कायदा झाला नसता आणि कर्जदाराचा तुरुंग कदाचित चुकला नसता. गप्प बसणारा विद्वान कोणाचे नुकसान करीत नाही, हा भ्रम आहे. शिवाय सोसणाऱ्याचे म्हणणे नेहमी बरोबरच असते, असेही नाही. तरी ते आधी ऐकावे लागते. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्याला काय हवे, हे कोणालाही दिसत होते; प्रभूने तरी त्याला विचारले. विचारण्यात त्याचा मान होता. प्रश्नावलीत नसलेला रकाना हाच होता, आणि त्याच्या जोडीला आणखी एक हवा. ही शिफारस चुकली तर भुर्दंड कोणाला? त्या रकान्यात लेखकाचे नाव कधीच पडत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट लिहिताना सतत समोर असावी.

मुलगी मसुदा घेऊन पुन्हा गावात गेली. बचतीची शिफारस ऐकून एक म्हातारी हसली म्हणे. “पोरी, उचल आम्ही कुठल्या महिन्यात घेतो ते तरी लिहिलंस का?” लिहिले नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर, हाताला काम नसते आणि मुलांच्या शाळा सुरू होतात तेव्हा, सर्वांत महाग कर्ज निघते. १४ शिफारशींपैकी आता ३ उरल्या आहेत, आणि त्यातली एक त्या म्हातारीची आहे. प्रबंध सादर करण्याची मुदत महिनाअखेरीस आहे. सातवे प्रकरण अद्याप अपुरे आहे.