ज्यांना आपण निवडलं नाही

‘भंडाऱ्यात गे बार कधी नव्हताच, मग बंद पडल्याचं दुःख तू कसलं करतोस?’ मुंबईचा मित्र म्हणाला. त्याच्याकडे कुलाब्याच्या ‘वूडू’ पबमधल्या शनिवार रात्रींच्या आठवणी आहेत. 377 कलमाची भीती असतानाही तिथे मुलं नाचायची. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला गुन्हेगारीतून सोडवलं. आता ‘वूडू’ उरला आहे तो फक्त आठवणीत.

आमच्याकडची रात्र मंडईची. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. पुरुषच लुगडं नेसून नाचायचा. गाव शिट्ट्या मारायचं आणि सकाळी त्याच नाच्याला टोमणेही मारायचं. ती काही ‘गे’ जागा नव्हती. पण मंडपामागच्या अंधारात, चहाच्या टपरीवर, आपल्यासारखे आपल्याला ओळखू यायचे. आता दंडारी कमी झाल्या, नाटकांत बायकांच्या भूमिका बायकाच करतात. तेही योग्यच. आणि आपण एकमेकांना फोनवर शोधतो.

भीतीतून जन्मलेली जागा गेली तर रडायचं कशाला? हा प्रश्न मला निम्मा पटतो. अंधारात लपायची गरज संपावी, हेच तर आपण मागत होतो.

पण त्या टपरीवर एक म्हातारे काका भेटायचे. आयुष्यभर विड्या वळलेले. मला ते आवडावेत असं काहीच नव्हतं, त्यांनाही तसली अपेक्षा नव्हती. ‘जेवलास का गा?’ एवढंच विचारायचे आणि पहाटेची एसटी येईपर्यंत माझ्याजवळ थांबायचे. घरी भांडून आलो होतो त्या रात्री ते नसते तर मी कुठे गेलो असतो, माहीत नाही.

अ‍ॅपवर मी वयाची मर्यादा 35 ठेवली आहे. जोडीदार निवडायचा तर ते चुकीचं नाही. पण जागा आपल्याला न निवडलेल्या माणसांशेजारी बसवायची. ज्याच्याबद्दल आकर्षण नाही त्याचंही आपण काही लागतो का? मला वाटतं, लागतो. समाज तिथूनच सुरू होतो. नाहीतर उरतात नुसते एकमेकांना चाळणारे लोक.

काकांकडे बटणांचा फोन होता. नंबर मी कधी घेतलाच नाही. चार वर्षं त्यांची चौकशीही केली नाही. यंदा मंडईला जातोय. टपरी असेल-नसेल, गावात विचारता येईल.