सोसणं आणि साधना

दुखणं सोसलं की पुण्य पदरी पडतं, ही समजूत आपल्या घरांत इतकी मुरली आहे की तिला कुणी प्रश्नच विचारत नाही. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट पळणारे नोकरदार, आषाढीनंतर वारीहून परतलेली माणसं, अशा सगळ्यांची पावलं मी रोज हातात घेते. त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेतून कळ उठते. चार पावलं चाललं की ती ओसरते, म्हणून माणूस पुन्हा पळायला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ हजर. मग पळणं थांबवलं का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, सोसल्याशिवाय काय मिळतं?"

वरवर पाहता हे टाचेबद्दलचं बोलणं आहे, पण त्याच्या मुळाशी धर्माबद्दलची एक श्रद्धा आहे. वेदना सहन करणं हेच तप आहे का? या प्रश्नाला नुसतं एक्स-रेनं उत्तर देता येत नाही.

आधी शरीर काय म्हणतं ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो, पायाची कमान उंचावते आणि एरवी लवचीक असलेलं पाऊल घट्ट होऊन शरीराला पुढे ढकलतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही रचना नीट मांडली. पट्टा दुखतो तो बहुधा टाचेच्या आतल्या बाजूला, हाडाला जिथे चिकटतो तिथे. लोक म्हणतात, "टाचेचं हाड वाढलंय." पण असं वाढलेलं हाड मुळीच न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही सापडतं. पुष्कळ वर्षं डॉक्टरही या दुखण्याला सूज समजत होते. २००३ मध्ये लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतले ५० नमुने तपासले, तेव्हा सुजेपेक्षा झीजच दिसली. रोजचा भार जास्त आणि भरून येण्याचा वेग कमी, असं महिनोन्महिने चाललं की पट्टा झिजतो. किती भार पडला आणि किती विसावा मिळाला, एवढंच त्याला कळतं. तुम्ही किती धीरानं सोसलंत याची नोंद तो कुठेच ठेवत नाही.

आता धर्म काय म्हणतो ते पाहू. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात, त्यातल्या महावग्गात, एका भिक्षूची गोष्ट आहे. सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या धनाढ्य घरातला मुलगा, इतका नाजूक वाढलेला की त्याच्या तळव्यांवर लव होती. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो येरझाऱ्या घालत ध्यान करू लागला. तळवे फाटले, चालण्याची जागा रक्तानं माखली, तरी तो थांबेना. आणि एवढं करूनही मन मुक्त होत नाही, तर घरी जाऊन संपत्तीतून दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात आला. बुद्ध त्याच्याकडे आले. ते रागावले नाहीत, त्याच्या रक्ताचं कौतुकही त्यांनी केलं नाही. घरी असताना सोण वीणा वाजवायचा, म्हणून त्यांनी त्याला तारांबद्दल विचारलं. फार ताणलेली तार नीट वाजत नाही, सैल सोडलेलीही वाजत नाही. प्रयत्नाचंही तसंच आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. सोणानं प्रयत्न सोडला नाही, त्याचा ताण योग्य केला, आणि त्यानंतरच तो मुक्त होऊन अर्हत झाला.

गीतेचा सूरही हाच आहे. सतराव्या अध्यायात शरीराचं तप सांगताना त्यात अहिंसेची गणना केली आहे. ती अहिंसा स्वतःच्या देहालाही लागू आहे असं मी मानते, कारण मूढ हट्टानं स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला त्याच अध्यायात तामस म्हटलं आहे. सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण या सगळ्यांत माप राखणाऱ्यालाच योग साधतो, असं सांगितलं आहे.

वारकऱ्यांचं काय, ते तर फोड आलेल्या पायांनी चालतात, असं कुणी म्हणेल. चालतात, आणि त्या चालण्यापुढे मी मान झुकवते. पण ते विठ्ठलाला भेटायला चालतात. फोड हा त्यांचा नैवेद्य नव्हे. लोणंद-फलटणच्या वाटेवर मुक्कामाला त्यांचे पाय तेलानं चोळणारी माणसं बसलेली असतात, वाटेत चपला फुकट शिवून देणारे असतात. त्या पाय चोळण्यालाही तिथे सेवाच म्हणतात. जी परंपरा इतकं चालायला लावते, तीच पायांची एवढी काळजी घेते.

मग तप कशात आहे? माझ्या मते ते उपचारात आहे. तळव्याखालचा तो पट्टा नुसत्या विश्रांतीनं भक्कम होत नाही, त्याला मोजका भार लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली यायचं. एक दिवसाआड, हळूहळू वजन वाढवत, महिनोन्महिने. डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर या व्यायामाचा गुण नुसत्या ताणापेक्षा जास्त दिसला. आजीचा गरम विटेवरच्या रुईच्या पानांचा शेक बरा वाटतो, तो खुशाल घ्यावा, पण तो या व्यायामाला पर्याय नाही. यात टाळ्या नाहीत, रक्त नाही, कुणी पाहत नाही. धावण्याची ओढ आवरून ठरलेलं तेवढंच करायचं, हे कळ दाबून दहा किलोमीटर पळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरी होते, पण त्यासाठी धीर धरावा लागतो.

सोणाच्या गोष्टीचा शेवट मला सर्वांत मोलाचा वाटतो. बुद्धांनी त्याला एकपदरी वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मी अमाप सोनं सोडून आलो, आता वहाणेला चिकटलो असं लोक म्हणतील. संघातल्या सर्वांना परवानगी असेल तरच मी घेईन. तेव्हा बुद्धांनी ती सगळ्यांना दिली.

माण तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. भरतीच्या ग्राउंडला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्यासाठी ती अकॅडमीत रोज डांबरी रस्त्यावर पळत होती. टाच दुखत असूनही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. "सर म्हणतील, ही नखरे करते," ती म्हणाली. तिला व्यायाम शिकवणं माझ्या हातात होतं. त्या वाक्याचं ओझं मात्र मी एकटी उतरवू शकत नव्हते. एकटीला मिळालेली सवलत लाज आणते. तीच गोष्ट सर्वांसाठी नियम झाली की लाज गळून पडते.

म्हणून प्रशिक्षकांना आणि आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. दुखणं सांगणं हा तुमच्या मैदानावर सगळ्यांसाठी नियम करा. रोज सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाला विचारा, सकाळचं पहिलं पाऊल कसं पडलं? आणि जो "दुखतंय" म्हणेल, त्याला त्या दिवशी पळवू नका.