माझ्या नावावरचे सात मासे

बोटीवरून उतरलो तेव्हा माझ्या गोणपाटाच्या पिशवीत दहा मासे होते. त्यांतले तीन मी पकडले होते. उरलेले सात कुणी पकडले हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण कायद्याने ते माझे होते, आणि ते माझ्यासाठी मारले गेले होते. त्या सात माशांचा प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो सोडवण्यासाठी नव्हे, निदान नीट मांडता यावा म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा मालवणचा. नोकरीने हैदराबादला नेलं आणि तिथंच बत्तीस वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. जावई म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही नेहमी गरवायच्या गोष्टी सांगता. एक दिवस बोटीवर जाऊ या.’’ सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बे नावाचं गाव आहे, तिथल्या पिलर पॉइंट बंदरातून अशा बोटी सुटतात. बोट एकाची नसते. माणशी तिकीट काढायचं, मासेमारीचा एका दिवसाचा परवाना घ्यायचा, गळ नसेल तर भाड्याने घ्यायचा आणि अनोळखी माणसांबरोबर समुद्रात जायचं. आम्ही बावीस जण होतो. प्रत्येकाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एक पिशवी मिळाली. माझा क्रमांक अठरा.

पहाटे सहाला निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की बंदराचा बांधही दिसत नव्हता. वायव्येकडून येणाऱ्या लांब लाटांवर बोट दोन तास दक्षिणेला गेली. धुकं विरळ झालं तेव्हा पिजन पॉइंटचा पांढरा दीपस्तंभ दिसला, १८७२ सालचा. त्याच्यासमोर समुद्राच्या तळाशी खडप आहे. कप्तानाने इंजिन मंद केलं आणि भोंग्यावरून सांगितलं, ‘‘दोनशे फूट. सोडा.’’ दोनशे फूट म्हणजे तेहतीस वाव. बावीस शिशी एकदम पाण्यात गेली.

रॉकफिश हा एक मासा नव्हे, ते एक मोठं कुळ आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात त्याच्या साठाहून जास्त जाती आहेत: तपकिरी, निळसर, ठिपक्यांचे, शेंदरी. डोकं मोठं, पाठीवर काटे, तोंड आमच्याकडच्या गोबऱ्यासारखं. हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. आणि ते फार जगतात. काही जाती माणसाच्या आयुष्याएवढ्या, काही त्याहूनही जास्त. जो जीव सावकाश वाढतो, तो पटकन संपतो. हे तिथल्या लोकांना उशिरा कळलं. २००० सालच्या जानेवारीत अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या तळमाशांच्या मासेमारीवर आपत्ती जाहीर केली. मोठमोठी क्षेत्रं बंद झाली, बंधनं आली. त्याचं फळही दिसलं. कॅनरी नावाची जात २०१५ साली आणि बोकाचिओ २०१७ साली सावरल्याचं जाहीर झालं. आज माणशी दिवसाला दहा रॉकफिश ही मर्यादा आहे, आणि त्या दहांच्या आतही काही जातींना आणखी कमी.

इथपर्यंत मला सगळं पटत होतं. माझा पहिला मासा दहा मिनिटांत लागला. तंगूस ताणली गेली आणि बोटांना ती जुनी थरथर जाणवली. मन पन्नास वर्षं मागे गेलं, हे कबूल करायला हवं. मासेमारीचा आनंद खोटा नसतो. तो आनंद नाकारून जे नैतिक लिहिलं जातं त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

दुसरा मासा वर आला तो पिवळ्या डोळ्यांचा, भडक शेंदरी. बोटीवर एकच गलका झाला. मला वाटलं कौतुक चाललंय. मी मासा दोन्ही हातांत धरून उभा राहिलो, जावयाने फोन काढला. एक फोटो हलला म्हणून दुसरा घेतला. तेवढ्यात बोटीवर मदतनीस असलेला पोरगा धावत आला आणि त्याने मासा माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. ती ‘यलोआय’ जात होती, ठेवायला पूर्ण बंदी असलेली. हे मासे शंभर वर्षांहून जास्त जगू शकतात. पोरगा म्हणाला, ‘‘हा कदाचित माझ्यापेक्षा वयाने मोठा असेल.’’

तेव्हा मी माशाकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले होते आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी निघालं होतं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. साठ मीटर खोल राहणारा मासा सात पट दाबात जगतो. त्याच्या पोटातल्या पिशवीतली हवा वर येताना सात पट फुगते, आणि ती बाहेर टाकायची वाट या माशांना नाही. आता त्याला नुसतं पाण्यात सोडलं असतं तर तो तरंगत राहिला असता आणि वरचे समुद्रपक्षी त्याचीच वाट पाहत होते. पोराने त्याच्या जबड्याला एक चिमटा लावला, चिमट्याला जड शिसं, शिशाला दोरी. मासा खाली गेला. ठरावीक दाबाला पोचल्यावर चिमटा आपोआप उघडतो. थोड्या वेळाने दोरी सैल झाली, रिकामा चिमटा वर आला. ‘‘गेला,’’ पोरगा म्हणाला.

गेला, म्हणजे जगला का? ते सांगता येत नाही. लवकर खाली पोचवलेले मासे वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. आणि मी दोन फोटोंएवढा वेळ घेतला होता.

सोडून देणं म्हणजे दया, असं मी लहानपणापासून समजत आलो. त्या दिवशी कळलं की हात सैल करणं म्हणजे सोडणं नव्हे. ज्याला खोलातून ओढून वर आणलं, त्याला तेवढ्याच खोलात नेऊन पोचवावं लागतं. बाकी सगळं आपल्या समाधानासाठी असतं.

अकराच्या सुमारास माझ्या डावीकडच्या फिलिपिनो आजोबांचे दहा मासे पूर्ण झाले. मला वाटलं आता ते गळ गुंडाळतील. ते गरवतच राहिले. मी जावयाला विचारलं तेव्हा त्याने नियम सांगितला. बोटीवर दोन किंवा त्याहून अधिक परवानाधारक असतील तर मोजणी माणसागणिक नव्हे, बोटीगणिक होते. बावीस माणसं, प्रत्येकी दहा, म्हणजे दोनशे वीस. तो आकडा भरेपर्यंत सगळे गरवू शकतात. ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याच्यासाठी पकडतो. आजोबांनी माझी रिकामी पिशवी पाहिली, हसले, आणि पुढचा मासा सरळ माझ्या पिशवीत टाकला.

पहिल्यांदा मला हे फार आवडलं. मला रापण आठवली. मालवणच्या किनाऱ्यावर होडीतून अर्धवर्तुळाकार जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढतात. ओढायला पंचवीस-तीस माणसं लागतात. मासळी किनाऱ्याला लागली की वाटे पडतात. लहानपणी सुट्टीच्या दिवशी आम्ही पोरंही दोरीला लोंबकळायचो आणि चार बांगडे घरी न्यायचो. आईने विचारलं की वडील म्हणायचे, ‘‘जेना दोरयेक हात लावल्यान, तेका वाटो.’’ ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. इतकं साधं न्यायशास्त्र मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

पण दुपारपर्यंत फरक लक्षात आला. रापणीत वाटा श्रमाचा असतो. इथं माझा वाटा परवान्याचा होता. मी दोरीला हात लावला नव्हता. मी फक्त मोजणीत होतो. मी बोटीवर आहे, म्हणून दहा मासे जास्त मारायला परवानगी होती. मी तीनांवर थांबलो तरी माझ्या नावाचे सात बाकी होते, आणि कुणीतरी ते भरणारच होतं.

आणि ते कसे भरले जात होते हेही मी पाहिलं. माझ्या उजवीकडे एक तरुण होता, हसतमुख, बोलका. त्याला छोटे तपकिरी मासे नको होते, मोठे शेंदरी हवे होते. छोटा आला की गळ काढून तो मासा पाण्यात टाकायचा. चिमटा नाही, शिसं नाही. मासा उताणा तरंगत मागे जायचा आणि पक्षी उतरायचे. असे चार तरी मी मोजले. ते कुणाच्याच आकड्यात नव्हते. पोरगा दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी गुंता सोडवत होता. मी काही बोललो नाही. परका देश, परकी भाषा, वय, सगळी कारणं हाताशी होती. खरं कारण वेगळं होतं. त्या तरुणाने थोड्याच वेळापूर्वी एक मोठा शेंदरी मासा माझ्या पिशवीत टाकला होता आणि मी ‘थँक यू’ म्हणालो होतो.

महाभारतात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो, पण कौशिकाला सांगतो की मी स्वतः मारत नाही, इतरांनी मारलेलं विकतो. पुढे तो म्हणतो की नांगर चालवणाराही मातीतले असंख्य जीव मारतो; हिंसेवाचून जगणारा कुणी नाही. अनुशासनपर्वात भीष्म मात्र सुटकेची एकही फट ठेवत नाहीत. आणणारा, संमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, खाणारा, सगळेच मारणारे.

तरुणपणी मला धर्मव्याध शहाणा वाटायचा आणि भीष्मांची यादी कर्मठ. आता वाटतं, धर्मव्याध बरोबर आहे, पण अर्धा. हिंसेवाचून कुणी नाही, हे खरं. त्यावरून माझी हिंसा किती हा प्रश्न संपत नाही. तो तिथून सुरू होतो. आणि भीष्मांच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस कापणारा नव्हे, संमती देणारा आहे. त्याच्या हाताला रक्त लागत नाही, म्हणून त्याला स्वतःचा वाटा दिसत नाही.

कुणी म्हणेल, तू सात मासे नाकारले असतेस तर काय झालं असतं? बोट दोनशे वीसच मासे घेऊन आली असती. हा युक्तिवाद मला वर्षभर छळतो आहे, कारण हिशोबाने तो खरा आहे. मासे वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात. आपण धरून चालतो की जबाबदारीचंही तसंच होतं: बावीस जणांत वाटली की प्रत्येकाकडे बाविसावा हिस्सा, आणि तो इतका छोटा की खिशात सापडत नाही. पण त्या चार तरंगत्या माशांची जबाबदारी ज्यांनी ज्यांनी पाहिली त्या प्रत्येकाची पूर्ण होती. मी एक शब्द बोललो असतो तर कदाचित चौथा मासा खाली पोचला असता. दुसरा कुणी बोलला असता तरी पोचला असता. म्हणून माझी चूक अर्धी होत नाही. वाटल्याने मासे कमी होतात, दोष कमी होत नाही. फक्त तो कुणाच्या पिशवीत आहे हे कळेनासं होतं.

हे फक्त माशांपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. हैदराबादच्या माझ्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, ते नागार्जुनसागरातून. त्या जलाशयाखाली गावं गेली, नागार्जुनकोंड्याचं प्राचीन नगर गेलं. मी दोरीला हात लावला नव्हता. पण मोजणीत मी आहे. शहराची तहान मोजताना मला धरूनच आकडा काढतात. आपल्या आयुष्यातलं बहुतेक सगळं असं आपल्या नावावर, आपल्या पाठीमागे, कुणा कुशल माणसाने पकडून आपल्या पिशवीत टाकलेलं असतं. त्याला नाही म्हणणं बहुधा शक्य नसतं. मग उरतं काय? मला वाटतं दोन गोष्टी उरतात. पिशवीत काय आहे ते स्वतः मोजणं. आणि जे चुकून वर आलं, त्याला पुन्हा खाली पोचवण्याचं काम त्या एकट्या पोरावर न टाकणं.

परतीच्या वाटेवर पोराने फळी मांडली आणि एकेकाची पिशवी घेऊन मासे साफ करायला लागला. अठरा नंबर पुकारला तेव्हा मी उठलो. त्याला विचारलं की आज तो चिमटा किती वेळा खाली गेला. तो सुरी न थांबवता म्हणाला, ‘‘सहा वेळा. तुम्ही सकाळी लवकर आवाज दिला असतात तर बरं झालं असतं.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी मान हलवली.

रात्री लेकीने कोकम घालून कालवण केलं. छान झालं होतं. मी जेवलो. जावयाने तो फोटो दाखवला. मी हसतोय, हातातल्या माशाचे डोळे बाहेर आलेत. ‘‘बाबा, हा घरी पाठवू का सगळ्यांना?’’ त्याने विचारलं.

मी म्हटलं, पाठव. पण खाली लिही की ह्याला परत खाली सोडला, आणि मी उशीर केला.