आपल्यातलं आपल्यात

‘द गॉडफादर’ मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला. एक लॅपटॉप, दहा डोकी. त्यातल्या निष्ठेने आम्ही भारावून गेलो होतो. त्याच वर्षी आमच्या मजल्यावर एका ज्युनिअरला मारहाण झाली. कोणी केली, सगळ्यांना माहीत होतं. चौकशीत कोणीच तोंड उघडलं नाही. मीही नाही.

अशा गप्प राहण्याला सिसिलीत शब्द आहे, ओमेर्ता. त्यामागचं कारण समजू शकतं. त्या बेटावर शतकानुशतकं परक्यांचं राज्य होतं आणि कोर्टकचेऱ्याही त्यांच्याच. तिथे तक्रार न करणं हेच शहाणपण. अमेरिकेत तरी वेगळं काय होतं? १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार मारलं.

पण या मौनाने वाचवलं कोणाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक हँड’च्या नावाने खंडणीच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या पाठवणारे इटालियन आणि ज्यांना यायच्या तेही इटालियनच. या टोळ्यांच्या मागे लागलेला पोलीस अधिकारी जो पेट्रोसिनो हाही इटलीतच जन्मलेला. १९०९ मध्ये पालेर्मोत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरून माणसं आली. त्या माणसांचा ‘आपला’ कोण होता, ते वेगळं सांगायला नको.

१९६३ मध्ये जो वालाचीने सिनेटच्या समितीपुढे टोळीत घेतानाचा विधी सांगितला. टेबलावर पिस्तूल आणि सुरा, बोटातून काढलेलं रक्त, हातात जळणारा कागद. संघटनेचं नाव ‘कोसा नोस्त्रा’, म्हणजे ‘आपली गोष्ट’. १९८९ मध्ये एफबीआयने मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात असाच विधी चोरून रेकॉर्ड केला. त्यात नव्या माणसाला विचारतात, सख्खा भाऊ खबऱ्या निघाला तर मारशील का? म्हणजे शब्द घरातले, रक्ताचे, देवाधर्माचे. आणि शपथ मात्र घरावरच उलटणारी.

निष्ठा वाईट नाही. दुबळ्याला बाहेरच्या जुलमापासून वाचवण्यासाठी गप्प बसणं मी आजही चुकीचं मानणार नाही. पण तेच मौन आतल्या बलदंडाच्या कामी येतं, तेव्हा त्याला निष्ठा कसं म्हणायचं?

आम्ही तेव्हा म्हणालो होतो, आपल्यातलं आपल्यात राहू दे. तो ज्युनिअर सेमिस्टर संपायच्या आत कॉलेज सोडून गेला. तोही आमच्याच मजल्यावरचा होता.