प्रभूने भुकेची आठवण ठेवली



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील याईराच्या मुलीची गोष्ट आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. सभास्थानाचा अधिकारी असलेला याईर प्रभू येशूच्या पाया पडतो. वाटेतच मुलगी गेल्याचा निरोप येतो. प्रभू घरातील रडारड करणाऱ्या गर्दीला बाहेर काढतो, मुलीच्या आईवडिलांना आणि तीन शिष्यांना घेऊन आत जातो आणि मुलीचा हात धरून तिला उठवतो. आपण बहुधा इथेच थांबतो, कारण चमत्कार झाला! पण संत मार्कने त्यापुढचीही एक गोष्ट नोंदवली आहे. मुलीला काही खायला द्यावे, असे प्रभू तिथल्या माणसांना सांगतो.

ज्याने मुलीला जीव दिला, त्याला तिच्यासाठी भाकर निर्माण करणे अवघड होते काय? मुळीच नाही. तरीही भरवण्याचे काम त्याने माणसांच्या हाती सोपवले.

आज आपण याईराच्या घराचा विचार करीत आहोत तो एका वेगळ्या कारणासाठी. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरात बाळ जन्माला येते, पण घरी येत नाही. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेले, हाताच्या तळव्याएवढे बाळ रुग्णालयात काचेच्या पेटीत असते. त्याला नीट दूध ओढता येत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला तोंडातून किंवा नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने दूध द्यावे लागते. अगदी लहान बाळाला सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलीलिटर, म्हणजे छोट्या चमच्याच्याही निम्म्याहून कमी! ते पचले तर थोडे वाढवायचे. पोट फुगले तर थांबायचे. पुढे वाटी-चमचा किंवा आपल्या आजीच्या काळातले बोंडले, आणि मग हळूहळू आईचे स्तन. आज दोन पावले पुढे, उद्या एक मागे, असे दिवस जातात.

या दिवसांत आईच्या मनात काय चालते? बाळ जवळ नसताना तिला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढावे लागते. टाके दुखत असतात, झोप नसते, आणि पुष्कळदा सुरुवातीला काही थेंबच येतात. तेवढ्यात भेटायला आलेले कोणीतरी विचारते, “दूध नाही का येत?” बंधुभगिनींनो, हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी सुरीसारखा लागतो. तिला वाटते, आई म्हणून आपण कमी पडलो.

ताई, तू कमी पडलेली नाहीस. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक थोडाच येतो, पण त्या थेंबांत बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक भरपूर असतात. आणि सर्व प्रयत्न करूनही काही मातांना पुरेसा पान्हा फुटत नाही. तेव्हा डॉक्टर जे दूध सांगतील ते देणारी आई तसूभरही कमी आई ठरत नाही.

आपल्या घरापासून निघून वाशीचा खाडीपूल ओलांडला की सायन-पनवेल महामार्ग ज्या सायनला पोहोचतो, तिथल्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात या बाबतीत एक मोठे कार्य घडले. तिथल्या नवजात बालकांच्या विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि डब्याचे दूध बाजूला सारून आईच्या दुधावर भर दिला आणि आजारी बाळांच्या देखभालीत आयांना सामील करून घेतले. 1989 साली त्यांनी तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. ज्या मातांना आपल्या बाळाची गरज भागून दूध उरते त्या ते दान करतात. दात्या मातांची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते आणि गोठवून ठेवले जाते. मग ते अशा बाळाच्या नळीतून जाते, ज्याचे नावही त्या मातेला ठाऊक नसते. जात नाही, धर्म नाही, पैसा नाही. मात्र असे दूध पेढीतूनच घ्यावे. विकत मिळणाऱ्या दुधाच्या मागे लागू नये. मानवी दुधाच्या विक्रीला परवानगी नाही, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2024 साली बजावले आहे.

आणि बापाने काय करायचे? बिले भरायची आणि बाहेरच्या बाकावर बसायचे, एवढेच नव्हे! 1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या असल्याने अशक्त बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू पद्धत’. अंगाच्या उबेने बाळ तगते, वजन धरते, आईचे दूधही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सांगितले की ही पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी. डॉक्टरांना विचारून वडीलही बाळाला असे छातीशी घेऊ शकतात. याईर बाहेर थांबला नव्हता. प्रभूने त्याला आत नेले होते.

मग आपले, शेजाऱ्यांचे काम कोणते? आधी, गर्दी होऊ नये. प्रभूने गर्दी बाहेर काढली, हे विसरू नका. मध, गुटी, साखरपाणी घेऊन जाऊ नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाळाच्या ओठाला काही लावू नये. ‘देवाची इच्छा’ असे घाईने म्हणू नये. त्याऐवजी डबा न्यावा. एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खायला दिले, कारण वाट लांब होती. बाळाला भरवणाऱ्या आईलाही कोणीतरी भरवायला हवे. गरम भाकरी, भाजी, अळिवाची खीर, मोठ्या मुलाला शाळेतून आणणे, रात्री बाकावर बापाच्या शेजारी बसणे, ही सारी प्रार्थनाच आहे.

प्रत्येक बाळ घरी येतेच असे नाही. हे दुःख आपल्यातील काही घरांनी सोसले आहे. धोका वाटला तर धर्मगुरूंना मध्यरात्रीही बोलवा. ते पोहोचू शकत नसतील तर ख्रिस्तसभेच्या हेतूने कोणीही, अगदी नर्ससुद्धा, बाळावर पाणी ओतून पवित्र त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. त्या चिमुकल्याला भरवलेला एकही थेंब वाया गेलेला नसतो. तो प्रेमाचा थेंब होता आणि प्रभूने तो मोजला आहे.

या आठवड्यात आपल्या वस्तीत असे कुटुंब आहे का, हे प्रत्येक समूहाने शांतपणे पाहावे आणि कोण कोणत्या दिवशी डबा नेणार ते आपसात ठरवावे.

प्रभू येशू, तू स्वतः मरियामातेच्या अंगावर वाढलास. काचेच्या पेटीतील बाळांना गिळण्याचे बळ दे, त्यांच्या आयांना झोप आणि धीर दे, वडिलांना आत येण्याचे धैर्य दे आणि आम्हा सर्वांना भरवणारे हात दे. आमेन.